शुक्रवारचा सामना, शनिवारचा सामना

डब्लिनच्या फिब्झबरो चौकात शुक्रवारी संध्याकाळी एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा लाल-काळा मफलर गळ्यात गुंडाळून वडिलांसोबत सिग्नलला उभा होता. शेजारच्या आजोबांनी कौतुकानं विचारलं, "मॅचला निघालास का?" मुलगा म्हणाला, "हो, बोहेमियन्सच्या." आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच मायेनं पुढचा प्रश्न केला, "छान! आणि तुझी खरी टीम कुठली? लिव्हरपूल की युनायटेड?" पोरगं गडबडून वडिलांकडे बघायला लागलं. वडील नुसते हसले, सिग्नल सुटला, सगळे आपापल्या वाटेनं गेले. आजोबांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण तिथून चार पावलं पुढे गेलं की घरांच्या छपरांवर डेलीमाउंट पार्कच्या फ्लडलाइटचे मनोरे दिसतात. बोहेमियन्स हा क्लब १८९० चा, आणि या मैदानावर तो १९०१ पासून खेळतोय. त्या मैदानाच्या दारात उभ्या असलेल्या पोराला त्याची टीम सोडून 'खरी टीम' विचारली गेली, ही गोष्ट मनातून जाता जात नाही.

हा प्रश्न आयर्लंडभर विचारला जातो. कॉर्कमध्ये, स्लायगोत, गॉलवेत, कुठेही. 'मी अमुक क्लबचा' असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, बरं, पण इंग्लंडमध्ये कोण? याची मुळं खोल आहेत, त्यामुळे ती थट्टेवारी नेण्यात अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटासाठी बोटीनं लिव्हरपूलला उतरली, तिथून मँचेस्टरला, ग्लासगोला गेली. सेल्टिक हा क्लब उभा करणारे ब्रदर वॉल्फ्रिड मूळचे स्लायगो परगण्यातल्या बॅलीमोटचे, आणि क्लब काढण्यामागे ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश वस्तीच्या पोटाची काळजी होती. ज्या घरातला काका मँचेस्टरच्या बांधकामावर राबला त्या घरात युनायटेडचं कॅलेंडर लागलं तर त्यात नवल काय? पुढे टीव्ही आला. पूर्व किनाऱ्यावरच्या घरांच्या अँटेना बीबीसी पकडायच्या, आणि शनिवारी रात्री इंग्लंडची मैदानं थेट दिवाणखान्यात यायची. लिव्हरपूलच्या जर्सीत रॉनी व्हीलन, रे हाउटन, स्टीव्ह स्टॉन्टन असे आयर्लंडचे मोहरे दिसत होते. ते प्रेम उसनं होतं असं म्हणणं मला पटत नाही. प्रश्न एवढाच की हे प्रेम सांभाळून आयरिश माणसानं घरच्या लीगलाही जावं का.

२५ सप्टेंबर १९५७ ची संध्याकाळ या साऱ्या गुंत्याच्या मुळाशी नेते. युरोपियन कपमध्ये, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या पूर्वावतारात, डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सच्या वाट्याला मँचेस्टर युनायटेड आला होता. रोव्हर्सचं स्वतःचं मैदान मिलटाउनला, पण एवढी गर्दी तिथं मावणार नाही म्हणून सामना डेलीमाउंटवर ठेवला. पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं दाटीवाटीनं उभी होती. युनायटेडनं सहा गोल केले, रोव्हर्सला एकही जमला नाही. त्या सहांपैकी दोन लियम व्हीलनचे. हा पोरगा डेलीमाउंटपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या काब्रा वस्तीतला. होम फार्म या डब्लिनच्या क्लबात घडला आणि तिथून मँचेस्टरला गेला. म्हणजे गल्लीतला मुलगा गल्लीतल्या मैदानावर परक्या क्लबाच्या जर्सीत गोल मारत होता आणि अख्खं मैदान टाळ्या पिटत होतं. परतीच्या सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर रोव्हर्स २-३ असा झुंजून हरला, पण लोकांच्या लक्षात राहिले ते डब्लिनमधले सहा गोल. पुढच्या फेब्रुवारीत म्युनिकच्या धावपट्टीवर विमान कोसळलं, त्यात बाविसाव्या वर्षी व्हीलन गेला. त्याला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत पुरलं आहे आणि काब्रातल्या रेल्वेपुलाला आज त्याचं नाव आहे. त्या भागातल्या घरांत युनायटेडचं प्रेम कुठून आलं हे विचारायची गरज पडत नाही.

फक्त त्याच प्रेमाची दुसरी बाजू घरच्या मैदानांवर पडत गेली.

पन्नास-साठच्या दशकात आयर्लंडच्या लीगमध्ये गर्दी व्हायची. सत्तरीत ती ओसरली आणि ऐंशीच्या दशकात क्लबांच्या मालकांना मैदानापेक्षा मैदानाखालची जमीन मोलाची वाटू लागली. रोव्हर्सचं मिलटाउनचं मैदान १९८७ मध्ये विकलं गेलं, तिथं घरं झाली. चाहत्यांनी निदर्शनं केली, सामन्यांवर बहिष्कार घातला, काही उपयोग झाला नाही. देशातला सर्वांत यशस्वी क्लब पुढची बावीस वर्षं टोल्का पार्क, डेलीमाउंट, आरडीएस, मॉर्टन स्टेडियम असा भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या कुटुंबासारखा फिरत राहिला. २००९ च्या मार्चमध्ये टॅलाट या डब्लिनच्या उपनगरात स्थानिक काउंटी कौन्सिलच्या मालकीच्या स्टेडियमवर त्यांना कायमची जागा मिळाली. त्याच जुलैमध्ये रेआल माद्रिद तिथं सराव सामना खेळायला आला, क्रिस्तियानो रोनाल्डो माद्रिदच्या जर्सीत पहिल्यांदा उतरला तो टॅलाटमध्येच. तात्पुरते स्टँड उभारून दहा हजारांच्या वर माणसं बसवली. त्यातली किती पुढच्या शुक्रवारच्या लीग सामन्याला आली असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं.

आणि दोष सगळा प्रेक्षकांचा नाही, हे लीगच्या चाहत्यांनीही मोकळेपणी मान्य करायला हवं. क्लब कसा बुडतो याची रीत ठरलेली होती. एखाद्या क्लबाला युरोपातली एखादी फेरी दिसायची. डब्लिनचा शेलबर्न २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या तिसऱ्या पात्रता फेरीत देपोर्तिवो ला कोरुन्यापर्यंत पोचला होता, घरचा सामना गोलशून्य बरोबरीत सोडवला होता. अजून एक फेरी जिंकली की गटसाखळीचे पैसे, या आशेवर पगार फुगवायचे, खेळाडू आणायचे. गेटवरचा गल्ला त्या पगारांना पुरत नाही, म्हणून जमिनीवर किंवा मालकाच्या बांधकाम धंद्यावर भिस्त ठेवायची. मग पैसा आटला की परवाना समितीपुढे हिशेब टिकत नाही. शेलबर्न २००६ चा विजेता होता आणि पैशांच्या कारणावरून २००७ ला त्याला खालच्या विभागात ढकललं गेलं. ड्रॉहेडा २००७ ला विजेता झाला आणि २००८ ला न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. स्पोर्टिंग फिंगल २०११ च्या सुरुवातीला मिटला, मोनाहन युनायटेडनं २०१२ चा मोसम अर्ध्यावर सोडला. खेळाडूंचे करार वर्षाचे नसून चाळीस-बेचाळीस आठवड्यांचे असायचे, त्यामुळे नोव्हेंबर उलटला की कालचा लीग विजेता आज बेकार भत्त्याच्या रांगेत. वर फुटबॉल संघटनेचा कारभार असा की २०१९ मध्ये कर्ज उघड झाल्यावर पुढच्या जानेवारीत सरकारला हात द्यावा लागला. एवढं बघितलेल्या माणसानं 'मी माझा पैसा आणि जीव लिव्हरपूलवरच लावतो' म्हटलं तर त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

तरीही माझं उत्तर 'हो' असंच आहे. आयर्लंडच्या फुटबॉलप्रेमींनी घरच्या लीगला गेलंच पाहिजे, आणि गेल्या काही वर्षांत त्याची कारणं पूर्वीपेक्षा जास्त भक्कम झाली आहेत.

पहिलं कारण नियमात आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही. युरोपीय संघाच्या आत सोळा ते अठरा वयाला सवलत आहे. ब्रिटन त्या व्यवस्थेत होता तोवर सोळा-सतरा वर्षांची आयरिश पोरं इंग्लंडला जायची. कुणी लिव्हरपूलला, कुणी युनायटेडला, आणि बरीचशी विशीच्या आत मोडून परत. १ जानेवारी २०२१ पासून ती वाट बंद झाली. आता सोळाव्या वर्षी इटलीला जाता येतं. शॅमरॉक रोव्हर्सचा केव्हिन झेफी तसा इंटर मिलानला गेला. पण इंग्लंड अठरानंतरच. डब्लिनच्याच सेंट पॅट्रिक्स क्लबाच्या मेसन मेलियाचा टॉटनहॅमशी करार २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला तरी त्याला जानेवारी २०२६ पर्यंत इंचिकोरच्या रिचमंड पार्कवरच खेळावं लागलं. याचा सरळ अर्थ असा की देशाच्या बहुतेक गुणी मुलांची सोळा ते अठरा ही वर्षं घरच्याच मैदानांवर जाणार आहेत. प्रशिक्षक, फिजिओ, हिवाळ्यातली हिरवळ, जिम, हे सगळं त्याच क्लबांना पुरवायचं आहे ज्यांच्याकडे पूर्णवेळ अकादमी कर्मचारी बोटांवर मोजण्याइतके आहेत. राष्ट्रीय संघाच्या सामन्याला हिरवा शर्ट घालून रडणाऱ्या माणसाला ही साखळी नजरेआड करता येणार नाही.

पूर्वीही पोरं इथूनच घडायची, फक्त विकली जायची ती कवडीमोलानं. रॉय कीन कोब रॅम्बलर्समधून १९९० ला नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. शेमस कोलमन स्लायगो रोव्हर्समधून जानेवारी २००९ मध्ये एव्हर्टनला गेला तो ६० हजार पौंडांना, आणि पुढे देशाचा कर्णधार झाला. केव्हिन डॉयल आणि शेन लाँग दोघं कॉर्क सिटीचे. खेळाडू पुढे विकला गेला की घडवणाऱ्या क्लबाला वाटा मिळतो, त्याचा हिशेब असा: आंतरराष्ट्रीय विक्रीच्या रकमेतले ५ टक्के बाजूला काढले जातात. खेळाडूच्या बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या प्रत्येक मोसमाला रकमेच्या पाव टक्का आणि सोळाव्या ते तेविसाव्या वर्षाच्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. मुलगा तेरा ते सतरा या वयात आयरिश क्लबाकडे होता, तर तीन मोसम पाव टक्क्याचे आणि दोन अर्ध्या टक्क्याचे, मिळून पावणेदोन टक्के. पुढे तो एक कोटी युरोला एका देशातून दुसऱ्या देशात गेला तर या क्लबाला १ लाख ७५ हजार युरो. इथं फसतं ते एवढ्यावर की खेळाडू कोलमनसारखा एकाच क्लबात मुरला तर पुढची विक्रीच होत नाही आणि हा वाटा शून्य. म्हणून पहिल्या करारात पुढच्या विक्रीचा स्वतंत्र टक्का लिहून घ्यावा लागतो, आणि तो मागण्याची ताकद ज्याच्या तिजोरीत थोडा तरी पैसा आहे अशाच क्लबाकडे असते. पगार थकलेला क्लब मिळेल त्या रोख रकमेवर सही करतो.

तिजोरीत पैसा येतो कुठून, तर दारातून. समजा एका क्लबाला सरासरी दोन हजार प्रेक्षक येतात आणि मुलांची स्वस्त तिकिटं, सीझन तिकिटं धरून माणशी पंधरा युरो हाती लागतात. वरच्या विभागात दहा क्लब एकमेकांशी चार-चार वेळा खेळतात, म्हणजे छत्तीस सामने, त्यातले अठरा घरचे. गल्ला झाला ५ लाख ४० हजार युरो. बावीस खेळाडूंना आठवड्याला सरासरी सातशे युरो धरले तर बेचाळीस आठवड्यांचे होतात जवळपास ६ लाख ४७ हजार. अजून प्रशिक्षक, बस, सुरक्षा, रुग्णवाहिका, वीज बाकी. आता याच मैदानावर दर सामन्याला तीनशे माणसं जास्त आली तर वर्षाला ८१ हजार युरो वाढतात. त्यात अकादमीचा एक पूर्णवेळ प्रशिक्षक नक्की आणि दुसऱ्याचीही सोय होते. अ‍ॅनफिल्डला एकसष्ट हजार खुर्च्या आहेत आणि त्या प्रत्येकीसाठी मागे रांग आहे, तिथं तीनशे माणसांचा हिशेब कुणी मांडत नाही. इथं तीनशे माणसांत एका मुलाचं करिअर घडू शकतं.

या बाबतीत इंग्लंडनं स्वतःच्या छोट्या क्लबांची जी काळजी घेतली ती आयर्लंडनं घेतली नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, हेतू हा की माणसं घरात न बसता जवळच्या खालच्या लीगच्या मैदानावर जावीत. आयर्लंडला ही बंदी लागू नाही. त्यामुळे तीन वाजताचा जो सामना मँचेस्टरच्या माणसाला टीव्हीवर दिसत नाही तो डब्लिनच्या पबमध्ये बिनदिक्कत चालू असतो. आयरिश लीगनं यावर आपला तोडगा काढला: सामने शुक्रवारी पावणेआठला. शनिवारी इंग्लंडशी टक्कर नाही, रविवारी आयर्लंडच्या स्वतःच्या गेलिक खेळांशी नाही. आणि २००३ पासून मोसम फेब्रुवारी-मार्च ते नोव्हेंबर असा केला, म्हणजे जुलैत युरोपच्या पात्रता फेऱ्या लागतात तेव्हा समोरचे संघ सुट्टीवरून आलेले असतात आणि आयरिश खेळाडू ऐन भरात. याचं फळ दिसलं आहे. २०११ मध्ये शॅमरॉक रोव्हर्सनं बेलग्रेडमध्ये पार्टिझानला हरवून युरोपा लीगचा गट गाठला, २०१६ मध्ये डंडाकनं बेलारूसच्या बाटे बोरिसोव्हला टॅलाटमध्ये तीन गोलांनी लोळवलं. २०२४ च्या हिवाळ्यात रोव्हर्स युरोपातल्या तिसऱ्या पायरीच्या कॉन्फरन्स लीगमध्ये सहा सामन्यांत फक्त चेल्सीकडून हरला आणि फेब्रुवारीत नॉर्वेच्या मोल्डेमध्ये सोळा वर्षांच्या मायकेल नूननच्या गोलनं जिंकला. त्या लीगमध्ये नुसतं पोचण्याचेच ३१ लाख ७० हजार युरो मिळतात. सावधगिरी मात्र हवी. हाच पैसा एका क्लबाला वर्षानुवर्षं मिळाला तर लीग एकतर्फी होते, आणि न मिळणाऱ्यानं तो मिळेल असं धरून खर्च केला तर पुन्हा २००६ च्या शेलबर्नसारखी गत.

लोक परतायला लागले आहेत, हे डोळ्यांना दिसतं. २०२३ चा कप फायनल सेंट पॅट्रिक्स विरुद्ध बोहेमियन्स, अविवा स्टेडियमवर ४३,८८१ माणसं. २०२५ च्या फेब्रुवारीत बोहेमियन्स आणि रोव्हर्सनं मोसमाची सुरुवात त्याच मैदानावर केली, तेहतीस हजारांच्या वर तिकिटं गेली. १ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री डेरीच्या ब्रँडीवेलवर पंच्याऐंशीव्या मिनिटाला हॅरी वुडनं गोल केला आणि प्रशिक्षक डेमियन डफचा शेलबर्न अठरा वर्षांनी विजेता झाला. डफ स्वतः चेल्सीकडून खेळलेला, दोन प्रीमियर लीग जिंकलेला माणूस. टोल्का पार्कच्या जुनाट ड्रेसिंग रूममध्ये तो ज्या तळमळीनं उभा राहायचा ती पाहून कितीतरी पोरांनी शेलबर्नचा लाल शर्ट पहिल्यांदा घेतला.

लीगचे जुने कट्टर चाहते पबमध्ये बसून इंग्लंडचे सामने बघणाऱ्यांना 'बारस्टूलर' म्हणून हिणवतात. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. तीस वर्षं पावसात, गळक्या छपराखाली, शंभर-दोनशे माणसांत उभं राहून ज्यांनी क्लब जगवले, त्यांचा राग समजतो. पण हिणवून कुणी मैदानावर येत नाही. युनायटेडवर जीव असलेला माणूस शुक्रवारी रिचमंड पार्कला आला आणि शनिवारी टीव्हीसमोर बसला तर दोन्हींत कुणाचं नुकसान नाही. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्री जागून बार्सिलोना बघणारीच पोरं दुसऱ्या दिवशी दुपारी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीसाठी घसा बसेपर्यंत ओरडतात, आणि पेठेतल्या पोराला कुणी 'तुझी खरी टीम कुठली' असं विचारत नाही.

ज्याला जाऊन बघायचं आहे त्यानं बोहेमियन्स-रोव्हर्सच्या सामन्यापासून सुरुवात करू नये, त्याची तिकिटं मिळणारच नाहीत. डेलीमाउंट आणि टोल्का एरवीही आधीच भरतात, क्लबच्या साइटवर तिकिटं खुली होतात त्याच दिवशी घ्यावीत. टॅलाटला दहा हजार जागा आहेत, लुआस ट्रामची लाल लाइन शेवटपर्यंत घ्यायची आणि थोडं चालायचं, लहान मुलं असतील तर हेच मैदान सोयीचं. रिचमंड पार्कला घरांच्या रांगेमागून आत शिरावं लागतं, कॅमॅक नदी मैदानाला लागून वाहते, पावसाळी जॅकेट छत्रीपेक्षा बरं कारण स्टँडमध्ये छत्री मागच्यांच्या डोळ्यांत जाते. कॉर्कमध्ये असाल तर टर्नर्स क्रॉस. तिथं मैदान आणि प्रेक्षकांत धावपट्टी नाही, कॉर्नर घेणाऱ्याचा श्वास पहिल्या रांगेत ऐकू येतो, बचावपटू एकमेकांना शिव्या घालतात त्याही. पास चुकतील, चेंडू उगाच वर मारला जाईल, पहिल्या अर्ध्या तासात इंग्लंडशी तुलना होईलच, होऊ द्यावी. एका सामन्यात काही कळत नाही. एकाच क्लबाचे चार-पाच घरचे सामने सलग बघितले की उजवा बॅक कुठे चुकतो, कोणता सतरा वर्षांचा पोरगा बदली म्हणून सत्तराव्या मिनिटाला येतो आणि चेंडू मिळताच स्टँडमधली कुजबुज का थांबते, हे कळायला लागतं. मध्यंतराला करी चिप्सच्या रांगेशेजारी बादली घेऊन ५०-५० सोडतीची तिकिटं विकणारे स्वयंसेवक असतात. अर्धी रक्कम सोडत लागणाऱ्याला, उरलेली अर्धी क्लबाच्या कामाला. ती घ्यावीत. आणि चार सामन्यांनंतर जीव लागला असेल तर पुढच्या हिवाळ्यात सीझन तिकीट काढावं, कारण नोव्हेंबर ते जानेवारीत दार बंद असतं, गल्ला येत नाही, आणि नव्या मोसमाचे करार त्या आगाऊ पैशांवरच होतात.